दिव्यांगांसाठी सहायक साधनं: फुकट काय घ्यावं, विकत काय घ्यावं, आणि पुढचा खर्च कसा बसवावा

आकडेमोड (धागाकर्ता)

व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम पाय, पांढरी काठी यांबद्दल इथे बऱ्याच धाग्यांवर विचारणा होते आणि उत्तर ठरलेलं असतं, "शिबिरात नाव द्या, फुकट मिळेल." मिळतं, खोटं नाही. पण मापात नसलेली खुर्ची माळ्यावर जाते, सेल संपले की श्रवणयंत्र कपाटात जातं. म्हणून हा धागा पैशांच्या बाजूने काढलाय. जाणकारांनी भर घालावी. अनुभवकथनासाठी दुसरे धागे आहेत, इथे आकडे आणि कृती द्या.

लोक जी अट शेवटी वाचतात ती आधी सांगतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी योजना) एकाच कारणासाठी ३ वर्षांत पुन्हा मदत मिळत नाही. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत १ वर्ष आहे. यात सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची आणि स्वयंसेवी संस्थेची, सगळीच मदत धरतात. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वाटलेली खुर्ची सही करून घेतलीत तर त्या सहीबरोबर पुढची ३ वर्षंही गेली. फुकट वस्तू घ्यायची की नाही, हा त्यामुळे आर्थिक निर्णय आहे.

एडिपच्या बाकी अटी:

अपंगत्व किमान ४०%. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण खर्च, २२,५०१ ते ३०,००० असेल तर निम्मा. अवलंबून असलेल्या व्यक्तीसाठी पालकांचं उत्पन्न बघतात. तहसीलदारांचा दाखला वार्षिक असतो, म्हणून हिशोब २,७०,००० आणि ३,६०,००० असा करा. दाखल्यावर २,७२,००० आलं की निम्मी रक्कम तुमच्याकडे आली. साधनं प्रामुख्याने कानपूरच्या अलिम्कोकडून येतात. हा सरकारी कारखाना १९७२ पासूनचा आहे.

प्रक्रिया दोन टप्प्यांची: आधी तपासणी शिबीर, मग वाटप शिबीर. मध्ये काही महिने जातात. तपासणीच्या दिवशी मिळालेली चिठ्ठी म्हणजे तुमची पावती, तिचा फोटो काढून ठेवा. त्या चिठ्ठीवर साधनाचं नुसतं नाव आहे की मापही लिहिलंय ते तिथेच बघा. माप नसेल तर लिहून मागा.

युडीआयडी कार्डाशिवाय, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राशिवाय, यातलं काही हलत नाही. अर्ज ऑनलाइन, तपासणी तुम्ही निवडलेल्या सरकारी रुग्णालयात. ४०% खाली पांढरं, ४० ते ८०% खाली पिवळं, ८०% आणि वर निळं कार्ड. अर्ज अडकण्याचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे आधारवरचं नाव आणि रुग्णालयाच्या कागदावरचं नाव जुळत नाही. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज. दुसरं, प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत संपण्याच्या ३ महिने आधी फोनमध्ये गजर लावा. मुदत संपली की अनुदानही थांबतं.

चाकदार

धागाकर्त्याशी सहमत, आणि खुर्चीबद्दल मीच लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

शिबिरात येणारी घडीची खुर्ची बहुधा १८ इंची बैठकीची असते. बारीक अंगाच्या माणसाला ती एवढी रुंद पडते की चाक ढकलायला हात बाहेर पसरावे लागतात. दोन वर्षांत खांदे धरतात आणि मग माणूस ढकलणाऱ्यावर अवलंबून राहतो. माप असं घ्या, कडक बाकावर सरळ बसवून:

बैठकीची रुंदी: नितंबांची सगळ्यात रुंद जागा, अधिक १ इंच.
बैठकीची खोली: पाठीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत, वजा २ इंच. ही वजाबाकी विसरली तर बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते आणि माणूस पुढे घसरून बसतो.
पायपट्टी: खोबणीपासून टाचेपर्यंत. पट्टी जमिनीपासून किमान २ इंच वर राहायला हवी, नाहीतर उंबऱ्याला अडकते.

आता घर. घडीच्या खुर्चीची एकूण रुंदी बैठकीपेक्षा साधारण ८ इंच जास्त असते. म्हणजे १८ इंची बैठक, २६ इंच खुर्ची. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत संडासाचा दरवाजा २४ इंचांचा असतो. खुर्ची घेण्याआधी दरवाजा मोजा, चौकटीच्या आतून. उतार १ ला १२: पायरी ७ इंचांची असेल तर उतार ८४ इंच, म्हणजे ७ फूट लांब हवा. दोन फुटांत बसवलेला उतार म्हणजे घसरगुंडी.

उशी वेगळ्या खर्चात धरा. कंबरेखाली संवेदना नसेल तर उशीशिवाय खुर्ची घेऊच नका. जखम झाली की रुग्णालयाच्या बिलात खुर्चीची किंमत कितीतरी वेळा जाते. साधी उशी ४ इंची, खाली कडक फोम आणि वर मऊ. फोम वर्षभरात बसतो. अंगठ्याने दाबून तळ लागला तर बदला. उशी कितीही चांगली असली तरी दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर अंग उचलणं किंवा एका बाजूला झुकणं सुटत नाही.

चाकांचं बोलायचं तर मागचं चाक २४ इंची हवेचं असेल तर गल्लीतला सायकलवाला ट्यूब बदलून देतो. भरीव टायर पंक्चर होत नाही, पण खडीच्या रस्त्यावर प्रत्येक हादरा पाठीत जातो. शहरात गुळगुळीत फरशी असेल तर भरीव, गावात हवेचं.

नवीनच

माहितीबद्दल आभार. एक शंका. ग्रामपंचायतीचा ५% निधी असतो म्हणतात. अर्ज कसा करायचा? दरवर्षी सगळ्यांना सारखे थोडे थोडे पैसे वाटतात, त्यातून साधन येत नाही.

तालुका_कट्टा

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका, सगळ्यांनी स्वउत्पन्नाचा ५% भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पूर्वी ३% होता. 'स्वउत्पन्न' हा शब्द धरून ठेवा. वित्त आयोगाचा पैसा यात येत नाही, घरपट्टीसारखी गावाची स्वतःची वसुली येते.

आकडा मांडून बघा. गावाचं स्वउत्पन्न ६ लाख, तर ५% म्हणजे ३०,०००. नोंदलेले दिव्यांग १५. समान वाटले की प्रत्येकी २,०००. त्यात दिवाळीचा किराणा येतो, खुर्ची नाही. सरपंच-ग्रामसेवकांना समान वाटप सोपं पडतं, कारण कुणी भांडत नाही. हे बदलायचं असेल तर ग्रामसभेतच विषय घ्यावा लागतो: या वर्षी तीन गरजू माणसांना साधनं, पुढच्या वर्षी दुसऱ्या तिघांना. १५ जणांनी आपसात आधी बोलून क्रम ठरवून नेला तर सभा सहसा मोडत नाही. क्रम न ठरवता गेलात तर सभेत आपलीच माणसं आपल्याविरुद्ध उभी राहतात.

अर्जाला काय जोडायचं: युडीआयडी, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान, साधनाचं दरपत्रक, आणि ते साधन का हवं याची डॉक्टरांची किंवा थेरपिस्टची एक ओळ. अर्ज हिवाळ्यातच द्या, अंदाजपत्रक तयार होण्याआधी. मार्चमध्ये दिलेला अर्ज म्हणजे उरलंसुरलं. पोच घ्या, आवक क्रमांकासह. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. काहीच हललं नाही तर माहिती अधिकारात एवढंच विचारा: गेल्या ३ आर्थिक वर्षांचं स्वउत्पन्न, ५%ची रक्कम, खर्चाचा तपशील. प्रश्न जेवढा छोटा तेवढं उत्तर टाळणं अवघड.

जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाच्या योजना वेगळ्या, त्या सेस फंडातून (जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी). जाहिरात निघते, मुदत थोडी असते. तालुक्याच्या फलकावर लक्ष ठेवा.

शाळेत जाणारं पोर असेल तर आधी समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाला गाठा. शाळेमार्फत साधन मिळतं, आणि हा रस्ता लई लोकांना माहीतच नसतो.

आकडेमोड

उत्तम. त्यात एकच जोडतो: नोकरदार असाल तर सगळ्यात आधी स्वतःचं कार्यालय बघा. राज्य कामगार विमा लागू असेल तर कृत्रिम अवयव आणि श्रवणयंत्र त्यातून मिळतं. सैन्यातल्यांसाठी पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. पाय बसवायचा असेल तर जयपूर फूटवाल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीकडे फुकट काम होतं. मुंबईत हाजी अलीच्या राष्ट्रीय संस्थेतही कृत्रिम अवयवांची कार्यशाळा आहे.

पायाबद्दल एक धोका: शस्त्रक्रियेनंतर उरलेला भाग पहिले काही महिने आकसत राहतो. फार लवकर मोजलेली खोबण (कृत्रिम पायाचा तो कप, ज्यात उरलेला भाग बसतो) नंतर सैल होते, आणि वर सांगितलेली ३ वर्षांची अट तिथेच आडवी येते. क्रेप बँडेज नियमित बांधून घेर स्थिर झाल्यावर माप द्या. दर आठवड्याला एकाच जागी टेपने मोजून लिहून ठेवलं तर स्थिर झालं की नाही ते कळतं.

श्रवणरेषा

कानाच्या यंत्राबद्दल.

पहिला खर्च श्रवणालेखाचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा. तो न करता दुकानातून घेतलेला 'आवाज मोठा करणारा' डबा म्हणजे नुसता ध्वनिवर्धक. तो सगळे आवाज सारखे वाढवतो, ऐकू येणारेही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, लहान मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटचं (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) एडिपमधलं काम तीच बघते. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ऑडिओलॉजिस्ट गाठा.

फुकट मिळणारं यंत्र कानामागचं डिजिटल असतं आणि बऱ्याच जणांना पुरतं. ते कुणीतरी श्रवणालेखानुसार संगणकाला जोडून जुळवलंय का, हे विचारा. न जुळवता खोक्यातून काढून दिलं तर कर्कश वाटतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी काढून ठेवतो. यंत्र वाईट आहे असा समज होतो तो बहुधा इथून.

साचा, म्हणजे कानात बसणारा भाग, कानाच्या मापाचाच हवा. वाढत्या मुलांचा साचा काही महिन्यांत सैल होतो. शिट्टी वाजायला लागली की आधी साचा आणि कानातला मळ बघा, यंत्र दुरुस्तीला नंतर. साच्याची नळी पिवळी, कडक झाली की बदलायची, ते काम किरकोळ असतं.

सेल झिंक-एअर. रंगावरून ओळखा: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. चिकटपट्टी काढली की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो. पट्टी परत लावून तो थांबत नाही. काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग बसवा, लगेच बसवला तर पूर्ण जोर येत नाही. १३ नंबरचा सेल साधारण १० दिवस चालला असं धरलं तर दोन कानांना महिन्याला ६ सेल, म्हणजे एक पान. पानाला २०० ते २५० धरा, वर्षाला २,४०० ते ३,०००. घरात हा आकडा कुणी मांडलेला नसतो. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, बिलात लावलेला दिसला तर विचारा. सेलवर मात्र कर आहेच.

कोकणकडा

पावसाळ्यात दमट हवेने यंत्र बंद पडतं त्यावर काय?

श्रवणरेषा

रात्री सेल काढायचा, सेलचं दार उघडं ठेवायचं, आणि यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर ठेवायचं. रंग बदलणारे दाणे घ्या, रंग गेला की मंद आचेवर कढईत परतले की पुन्हा चालतात (ती कढई नंतर स्वयंपाकाला नाही). सेल त्या डब्यात ठेवू नका, कोरड्या हवेत तो लवकर सुकतो.

सहावा_ठिपका

दृष्टिबाधितांसाठी. इथे विकत घेण्याआधी फुकटचं पूर्ण वापरून बघा, कारण या क्षेत्रात फुकटचं खरंच चांगलं आहे.

संगणकाला एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी प्रणाली. मोफत आहे, मराठी वाचतो. त्यातला इ-स्पीकचा आवाज यांत्रिक वाटतो, पण आठवडाभरात कान बसतो आणि वेग दुप्पट करता येतो. महागडा पडदावाचक कार्यालयाच्या एखाद्या विशिष्ट प्रणालीत एनव्हीडीए अडतो असं सिद्ध झाल्यावरच घ्या, तोही कार्यालयाच्या पैशाने.

अँड्रॉइड फोनवर हेच काम टॉकबॅक करतं. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र ३ सेकंद दाबून सुरू-बंद होतं. फोनमध्ये रॅम कमी असली की टॉकबॅक अडखळतो. बजेट मर्यादित असेल तर कॅमेऱ्यावरचे पैसे रॅमवर घाला. काठीची उंची छातीच्या मधल्या हाडापर्यंत. टोक झिजतं, सुटं मिळतं, वर्षाला एक-दोन लागतात.

नोटा (नव्या मालिकेतल्या). ५००, २०० आणि १०० ची उंची सारखीच, ६६ मिमी. लांबी १५०, १४६ आणि १४२. म्हणजे फरक फक्त ४ मिमीचा, घाईत बोटांना कळत नाही. ५० ची नोट १३५, २० ची १२९, १० ची १२३. जाड प्लास्टिकच्या पट्टीवर या सहा लांबींच्या खाचा पाडून घ्या. नोट एका टोकाला टेकवायची, दुसरं टोक कोणत्या खाचेला येतं ते बघायचं. खाचा पाडताना अर्धा मिमीसुद्धा चुकू देऊ नका, आणि चुरगळलेली नोट आधी सरळ करा. उठावाच्या खुणाही असतात, १०० वर त्रिकोण, ५०० वर वर्तुळ, पण जुन्या नोटेवर त्या झिजलेल्या असतात. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे नोट ओळखणारं अॅप २०२० पासून आहे, इंटरनेटशिवाय चालतं. ते नोट खरी की खोटी सांगत नाही, फक्त किती रुपयांची ते सांगतं.

पाकिटात घडीची पद्धत ठेवा: ५०० सरळ, २०० लांबीत दुमडलेली, १०० रुंदीत दुमडलेली. पद्धत कोणतीही चालेल, पण घरातल्या कुणी परस्पर बदलू नये.

नवीनच

संजय गांधी निराधारचे पैसे दोन महिने आले नाहीत. तहसीलमध्ये म्हणतात पाठवले, बँक म्हणते आले नाहीत. कुणाचं खरं?

खातेपान

बहुधा दोघांचंही. थेट हस्तांतराचे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधार ज्या बँकेशी शेवटचं 'सीड' झालंय तिथे जातात. खात्याला केवायसीसाठी आधार जोडणं वेगळं आणि पैसे येण्यासाठी सीड होणं वेगळं. मध्ये कुठे नवीन खातं उघडताना संमतीच्या फॉर्मवर सही झाली असेल, तर पैसे तिकडे जात असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, बँकेचं नावही. तिथे दिसणाऱ्या बँकेत जाऊन पासबुक भरा. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या.

सीडिंग ठीक असेल तर पुढच्या शक्यता: हयातीचा दाखला राहिला, उत्पन्नाचा दाखला जुना झाला (दिव्यांगांसाठी मर्यादा वार्षिक ५०,०००), प्रमाणपत्राची मुदत संपली, किंवा खातं वापरात नसल्याने निष्क्रिय झालं. आणखी एक, पूर्ण केवायसी न झालेल्या 'लहान खात्या'त शिल्लक ५०,००० च्या वर जाऊ शकत नाही आणि महिन्याला १०,००० च काढता येतात. सरकारी अनुदान शिलकीच्या मर्यादेत धरत नाहीत, पण साधनासाठीचं एकरकमी अनुदान अशा खात्यात आलं तर काढण्याच्या मर्यादेमुळे अडकतं. मोठी रक्कम येणार असेल तर आधी केवायसी पूर्ण करा.

दिव्यांगांचं हे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० झालं आहे. वाढलेल्या १,००० चं काय करायचं हे घरात आत्ताच ठरवा. बँकेत आवर्ती ठेव ५०० पासून सहज होते. यंत्राचे सेल, खुर्चीची उशी, तिचाकीची बॅटरी, हे खर्च 'अचानक' येत नाहीत, त्यांची तारीख आधीच माहीत असते.

चाकदार

बॅटरीचं उदाहरण घ्या. विजेवर चालणाऱ्या खुर्चीत आणि तिचाकीत २४ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. लेड-ॲसिड असेल तर दीड-दोन वर्षं. जोडी १२,००० ला पडली असं धरलं तर २४ महिन्यांत महिना ५००. एकच बॅटरी बदलू नका, जुनी नवीला ओढते आणि दोन्ही जातात. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. रिकामी करून ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी गणपतीपर्यंत मेलेली असते.

आकडेमोड

कर्जाचा हिशोब मांडतो. साधन ६०,००० चं, मुदत ३६ महिने.

राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळाचं कर्ज (राज्यात ते महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत मिळतं): ५०,००० पर्यंत ५%, त्यावर ५ लाखांपर्यंत ६%. ६% ने हप्ता साधारण १,८२५, एकूण व्याज ५,७०० च्या आसपास.

खाजगी वित्त कंपनी, २४%: हप्ता २,३५४, व्याज जवळजवळ २४,७००.

आणि तिसरं, 'फक्त १२% फ्लॅट': ६०,००० वर ३ वर्षांचं व्याज २१,६००, हप्ता २,२६७. बारा टक्के ऐकून स्वस्त वाटतं, पण फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालू राहतं, म्हणून खरा दर २१% च्या घरात जातो. दर ऐकला की पहिला प्रश्न: घटत्या शिलकीवर की फ्लॅट? दुसरा: प्रक्रिया शुल्क किती, आणि ते रकमेतूनच कापणार का? 'बिनव्याजी हप्त्या'त रोखीची सूट जाते, ती सूट म्हणजेच व्याज.

महामंडळाच्या कर्जाला जामीनदार, कागद आणि वेळ लागतो. घाई असेल तर ते वेळेत येणार नाही. म्हणून निम्मं साठवून निम्म्याचं कर्ज हा मार्ग बहुतेक घरांना झेपतो.

उमेदवार

ग्रामीण भागात बचत गटाचा विचार करा. उमेद अभियानात (बचत गटांचं सरकारी अभियान) दिव्यांगांचा वेगळा गट ५ सदस्यांवरही होतो, १० लागत नाहीत, आणि स्त्री-पुरुष एकत्र चालतात. अंतर्गत कर्जाचा नियम पहिल्याच बैठकीत लिहा: दुरुस्तीच्या कर्जाला प्राधान्य, कमाल रक्कम, परतफेडीचे महिने. वही लिहिणारा एक आणि रोकड मोजणारा दुसरा. दृष्टिबाधित सदस्य असेल तर बैठकीच्या शेवटी शिल्लक मोठ्याने वाचायची. मूकबधिर सदस्य असेल तर आकडा लिहून दाखवायचा. बैठकीचा दिवस दिव्यांगांच्या बसच्या वेळेनुसार ठरवा, नाहीतर गैरहजेरीचा दंड त्यांच्याच माथी.

पगारपत्रक

नोकरदारांसाठी थोडक्यात. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत, स्वतः दिव्यांग असाल तर ८०यू कलमाखाली ७५,००० वजावट, ८०% आणि वर अपंगत्व असेल तर १,२५,०००. अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी हेच आकडे ८०डीडी खाली. प्रत्यक्ष खर्च किती झाला ते बघत नाहीत, रक्कम ठरलेली. २०% च्या टप्प्यात ७५,००० म्हणजे उपकरासह १५,६०० ची बचत. नव्या प्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत. दोन्हींचा हिशोब करूनच निवडा, नवी प्रणाली तरीही स्वस्त पडू शकते. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे फॉर्म भरताना क्रमांक नाही, मजकूर वाचा.

अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग कर्मचाऱ्यांना वाहतूक भत्ता ठरलेल्या मर्यादेपर्यंत करमुक्त आहे, दोन्ही प्रणालींत. पण तो पगारपत्रकात 'वाहतूक भत्ता' म्हणूनच यायला हवा, मूळ वेतनात मिसळला तर सूट गेली. व्यवसाय कर (वर्षाला कमाल २,५००) महाराष्ट्रात कायमस्वरूपी शारीरिक अपंगत्व असलेल्यांना आणि मतिमंद मुलांच्या पालकांना माफ आहे. लेखा विभाग आपणहून थांबवत नाही, प्रमाणपत्र जोडून पत्र द्यावं लागतं.

नवीनच

बँकेत अंध व्यक्तीला चेकबुक नाकारतात, "संयुक्त खातं करा" म्हणतात. आणि मतिमंद मुलाचं १८ नंतर?

खातेपान

नाकारता येत नाही. चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर, नेट बँकिंग अंध ग्राहकाला द्यायचं, असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना कळवलंय. तोंडी वाद घालू नका. "कोणत्या नियमाने नाकारलं ते लेखी द्या," एवढा अर्ज शाखेत द्या आणि पोच घ्या. बहुतेकदा तिथेच मिटतं. नाहीतर बँकेचा तक्रार कक्ष, ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, आणि समांतर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. सही करता येत नसेल तर अंगठा किंवा खूण चालते. आजारी किंवा अक्षम खातेदाराची खूण दोन साक्षीदारांसमोर घ्यायची, त्यातला एक बँकेचा अधिकारी. घरपोच सेवेच्या सूचना ७० वर्षांवरील ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी २०१७ पासून आहेत.

व्हिडिओ केवायसीत पापणी मिटवायला सांगतात आणि ते जमत नसेल तर ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. केवायसीला पर्यायी पद्धत द्यावी असं त्यात स्पष्ट आहे.

१८ नंतर: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९. जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते, बँका ते मानतात. अठरावा वाढदिवस येण्याआधी कागद गोळा करा. अज्ञान खातं १८ ला व्यवहारासाठी अडकतं आणि अनुदान त्याच खात्यात येत असतं.

पण पालकत्व घेतलं म्हणून पैसे हाताळायला शिकवायचंच नाही, असं करू नका. एका वेळी एकच कृती शिकवा: आधी नोट ओळखणं, मग '२० ची वस्तू, ५० ची नोट, सुट्टे परत येतात' एवढंच, त्याच दुकानात, त्याच वस्तूवर, जमेपर्यंत. बेरीज येत नसेल तरी 'नेहमी पुढची मोठी नोट दे आणि परत मिळेपर्यंत थांब' हा नियम पुरतो. यूपीआय द्यायचं असेल तर वेगळं खातं, त्यात फक्त आठवड्याचे पैसे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे चित्राच्या कार्डावर लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन.

सहावा_ठिपका

पिनबद्दल भर: टॉकबॅक सुरू असताना पिन टाकायचा तर इअरफोन लावून, एका कानात. काही बँकांची अॅप्स अनोळखी सुलभता सेवा चालू दिसल्या की उघडतच नाहीत. फोनमधल्या बाकीच्या सुलभता सेवा बंद करून फक्त टॉकबॅक ठेवला तर बहुधा चालतं.

नवीनच

शेवटचं. घरी शिबिरातली १८ इंची खुर्ची आहे, घेऊन दीड वर्ष झालंय. माप १५ येतं. पुढच्या दीड वर्षात काय?

चाकदार

खुर्ची टाकू नका. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाचे कडक फोमचे पट्टे रेक्झिनमध्ये शिवून बाजूच्या पत्र्यांना आतून बांधा. बैठकीचं कापड झोळ पडलं असेल तर उशीखाली १२ मिमी प्लायवूडची फळी घाला, कडा घासून. हात चाकांपर्यंत पोचायला तरीही लांबच पडतील, तेवढं यात सुधारणार नाही. तोवर ५%च्या अर्जासाठी १५ इंचीचं दरपत्रक घेऊन ठेवा, आणि जुनी कधी घेतली ती तारीख असलेली चिठ्ठी शोधा. एडिपच्या पुढच्या शिबिरात तीच विचारतील.